समुपदेशनाचा हुकूम कोणावर?

मुलाच्या ताब्याचा दावा निकाली निघाला म्हणजे तंटा मिटला, अशी एक भोळी समजूत आपल्या समाजात आहे. परंतु कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या ज्यांनी झिजविल्या आहेत त्यांना हे पक्के ठाऊक असते की, खरा तंटा पुष्कळदा हुकूमनाम्याची नक्कल हाती पडल्यानंतरच सुरू होतो. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत, अज्ञान मुलाची त्याच्या पित्याशी अथवा मातेशी भेट घडवून आणावी, असे न्यायालय लिहून देते. ठरल्या दिवशी मूल आणलेही जाते. आणि मग ज्याच्या भेटीसाठी एवढा खटाटोप झाला त्याच्याकडे पाठ करून ते ‘मला नाही जायचं’ एवढेच म्हणते. यावर एक पक्ष म्हणतो की मुलाचे कान भरले आहेत, दुसरा म्हणतो की मुलाला धास्ती बसली आहे. दरखास्त दाखल होते, तिच्यावर म्हणणे मागविले जाते, तारखा पडत राहतात. आणि कायद्याच्या पुस्तकात ज्याचे उत्तर सापडत नाही अशा प्रश्नापुढे येऊन ठाकलेले न्यायासन रोजनाम्यात एक ओळ लिहिते : उभय पक्षकारांनी अज्ञानासह समुपदेशकाकडे, अथवा मानसोपचारतज्ज्ञाकडे, हजर राहावे. ही ओळ सद्हेतूने लिहिलेली असते याविषयी शंका नाही. परंतु तो हुकूम वस्तुतः कोणावर बजावला जातो, त्याने काय साधते आणि काय साधणे शक्यच नसते, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. आणि या अविचाराची किंमत त्या तंट्यात ज्याचे स्वतःचे वकीलपत्र कोणीच दाखल केलेले नसते, त्या मुलाला मोजावी लागते.

समुपदेशन हे कौटुंबिक न्यायालयाच्या अंगावर मागाहून चढविलेले लेणे नव्हे. ते त्याच्या जन्मापासूनचे आहे. दुर्गाबाई देशमुख १९५३ मध्ये चीनचा दौरा करून परतल्या तेव्हा तेथील कौटुंबिक न्यायालये पाहून आलेल्या त्या विदुषीने न्यायमूर्ती छागला, न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि पंडित नेहरू यांच्यापाशी अशी न्यायालये आपल्याकडेही असावीत, हा विषय काढला. त्या बीजाला अंकुर फुटायला तीन दशके लागली, आणि अखेर १९८४ मध्ये कौटुंबिक न्यायालय कायदा झाला. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात असे न्यायालय असलेच पाहिजे, तेथे आधी तडजोडीचा यत्न व्हावा आणि मगच निवाडा, पक्षकाराला वकील देण्याचा हक्क आपोआप नसावा, पक्षकाराने मागितल्यास सुनावणी बंद दाराआड व्हावी, न्यायाधीशाच्या मदतीला समुपदेशक असावेत आणि प्रसंगी वैद्यकीय अथवा कुटुंबकल्याणाच्या तज्ज्ञाचे साह्य घेता यावे, अशी त्याची मांडणी आहे. आमच्या नागपूरचे कौटुंबिक न्यायालय हे याच कायद्याचे अपत्य होय. विवाह समुपदेशकांच्या खोलीत, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून, वर्षानुवर्षे एकमेकांशी केवळ वकिलांच्या तोंडून बोललेली माणसे प्रथमच सरळ बोलू लागतात, दागिन्यांची यादी आणि पोटगीचा आकडा बाजूला सारून मुलीच्या शाळेविषयी बोलू लागतात, आणि तेथेच तडजोडीची पुरसिस, म्हणजे न्यायालयाला द्यावयाचे लेखी निवेदन, लिहून दिली जाते. असे घडते, आणि ज्या समुपदेशकांच्या सबुरीने ते घडते त्यांचे ऋण मोठे आहे. म्हणून न्यायालयाने समुपदेशनाच्या वाटेला जाऊच नये, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

तथापि समुपदेशनाने तडजोड घडविणे ही एक गोष्ट आहे आणि दुरावलेल्या मुलाच्या मनात पित्याविषयी अथवा मातेविषयी हुकुमाने प्रेम उत्पन्न करणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. हुकुमाची धाव कोठवर जाते, याचा धडा महाराष्ट्राला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेला आहे. बालपणी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये पतीचा दावा फेटाळला. अपिलात तो निर्णय टिकला नाही. आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नांदावयास जा, न गेल्यास सहा महिने कैद भोगा, असा हुकूम दिला. त्या तेजस्वी स्त्रीने कैद पत्करण्याची तयारी दाखविली. पुढल्या वर्षी, १८८८ मध्ये, दोन हजार रुपयांवर ते प्रकरण मिटले, रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परतल्या, आणि कायद्याच्या हाती राहिला तो एवढाच बोध की, सरकारचा शिपाई माणसाला दारापर्यंत नेऊ शकतो, उंबरठ्याच्या आतले त्याच्या हाती नाही. पुढे कायद्यानेही हा बोध अंशतः मान्य केला; दांपत्यहक्काच्या हुकूमनाम्याची अवज्ञा करणाऱ्याला आज तुरुंगात टाकता येत नाही, फार तर त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते.

यावर कोणी म्हणेल की, पतिपत्नींचे नाते तुटू शकते, त्याची उपमा पितापुत्रांच्या नात्याला कशी लागू पडावी? आक्षेप रास्त आहे. पत्नीला पतीचा त्याग करण्याचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे. परंतु आठ वर्षांच्या मुलाने क्षणिक रागाच्या भरात, अथवा ज्याच्या ताटात तो जेवतो त्याला बरे वाटावे म्हणून, दुसऱ्या पालकाला जन्मभरासाठी गमवावे, हे कोणत्याही सुबुद्ध समाजाला रुचणार नाही. शिवाय न्यायालय उभय पक्षांना तज्ज्ञापुढे हजर राहावयास सांगू शकते हे कायद्याने सुप्रतिष्ठित आहे. वैवाहिक दाव्यात पक्षकाराच्या वैद्यकीय तपासणीचा हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे आणि सबळ कारण असताना दिलेल्या अशा हुकुमाने व्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगून ठेवले आहे. मात्र तपासणी आणि उपचार यांत भेद आहे, आणि माझे सारे म्हणणे या भेदातून निघते. तपासणी न्यायाधीशासाठी असते; तिचा अहवाल त्याच्यापुढे यावा हाच तिचा हेतू. उपचार रुग्णासाठी असतो. त्याचा प्राण गुप्ततेत असतो. एकाच माणसाला एकाच खोलीत ही दोन्ही कामे सांगितली, की पहिले धड होत नाही आणि दुसरे होतच नाही.

दुर्दैवाने आपली आजची व्यवस्था नेमकी अशी आहे. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांत एकीकडे असे म्हटले आहे की, समुपदेशकापाशी झालेले बोलणे गुप्त राहील आणि त्याला साक्षीसाठी बोलाविता येणार नाही. आणि दुसरीकडे अशीही तरतूद आहे की, ताब्याचा अथवा पालकत्वाचा प्रश्न सोडविण्यासाठी न्यायालयाने मागितल्यास त्याने घरातील वातावरण, उभय पक्षांचे स्वभाव आणि मुलाशी असलेले त्यांचे संबंध यांविषयी अहवाल द्यावा. दोन्ही तरतुदी आपापल्या जागी समंजस आहेत. परंतु दोहोंचा भार एकाच्याच खांद्यावर पडला म्हणजे काय होते ते पाहावे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दिल्लीहून आलेल्या एका ताब्याच्या प्रकरणात हाच पेच उभा राहिला. मध्यस्थीच्या ओघात मूल समुपदेशकाशी जे बोलले त्याचा अहवाल वापरता येईल काय, या प्रश्नाला न्यायालयाने ‘येईल’ असे उत्तर दिले; कारण मुलाच्या हिताचा प्रश्न आला की राज्यसंस्था ही त्याच्या पालकाच्या जागी उभी राहते आणि गुप्ततेचा सर्वसाधारण नियम तेथे मागे सरतो. निवाड्यासाठी हे उत्तर योग्यच आहे, असे मला वाटते. परंतु उपचारासाठी त्याचा परिणाम काय होतो? आपण येथे जे बोलू ते उद्या निशाणी क्रमांक पडून दप्तरात जाणार आहे, हे ज्याला ठाऊक आहे तो पिता, मीही चुकलो होतो, असे त्या खोलीत कधी म्हणेल काय? ती माता, माझ्या रागापायी मुलगी बापाला दुरावली, अशी कबुली देईल काय? आणि ज्याच्या एका वाक्यावर आपण कोणाच्या घरी झोपणार हे ठरायचे आहे ते मूल, मला दोघेही हवेत, हे जगातील सर्वांत साधे सत्य तरी उच्चारू शकेल काय? तेथे सारेच आपापली जबानी देतात. मन कोणीच मोकळे करीत नाही.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. अशा हुकुमाने वस्तुतः उपचार केला जातो तो बहुधा मुलावर, कारण नकार देणारे तेच असते आणि ज्याचा नकार तोच रोगी, असे गृहीत धरणे सोपे असते. भांडण दोन प्रौढांचे. रात्री-अपरात्री मोबाइलवर मुलाला दुसऱ्याच्या कागाळ्या ऐकविणारे प्रौढ. भेटीच्या दिवशी मुलाच्या हातून पोटगीचा निरोप धाडणारे प्रौढ. आणि बाहुल्या मांडून, चित्रे काढावयास लावून ज्याचे मन दुरुस्त करावयाचे ते मात्र मूल. आजार रेड्याला नि औषध पखालीला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू याच प्रसंगासाठी करून ठेवली असावी.

मुलाच्या नकाराची कारणे एकसारखी नसतात, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. काही मुलांचे मन खरोखरीच कलुषित केलेले असते. १९८५ मध्ये रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने या अवस्थेला ‘पालक-दुरावा’ असे एका विकाराचे नाव दिले, आणि ते नाव समुद्र ओलांडून आपल्या निकालपत्रांतही आले. मातेपासून दीर्घकाळ दूर राहिलेल्या एका मुलीच्या प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा उल्लेख केला आहे. परंतु काही मुले ज्या पालकाला टाळतात त्याचा हात त्यांनी आईवर उगारलेला पाहिलेला असतो, आणि अशा मुलाच्या भयाला विकार म्हणणे म्हणजे पोळलेल्याला विस्तवाशी सलोखा कर असे सांगण्यासारखे आहे. म्हणूनच गार्डनर यांच्या त्या संज्ञेविषयी जगभर फेरविचार सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या सूचीतून तो शब्द वगळला. संयुक्त राष्ट्रांच्या महिलांवरील हिंसाचाराविषयीच्या विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी २०२३ च्या अहवालात ताब्याच्या दाव्यांत त्याचा वापर बंद करावा असे सुचविले. आणि ज्या अमेरिकेत न्यायालये मुलांना त्यांच्या लाडक्या पालकापासून तोडून ‘पुनर्मीलना’च्या शिबिरांत धाडीत होती, त्या अमेरिकेच्या संघराज्याने २०२२ मध्ये महिलांवरील अत्याचारविरोधी कायद्याचे नूतनीकरण करताना, असल्या उपचारांना आळा घालणाऱ्या राज्यांना अर्थसाह्याची तरतूद केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये बजावले की, असा शिक्का घाईने मारू नये, प्रत्यक्ष वर्तनाचे दाखले तपासावेत. याचा अर्थ कान भरणारे पालक नसतात असा नव्हे. अर्थ एवढाच की, कोणता नकार भरविलेला आणि कोणता भोगलेला, हे ठरविणे हे न्यायाधीशाचे काम आहे. ते पुराव्याने व्हावयास हवे, आणि उपचाराचा हुकूम होण्यापूर्वी व्हावयास हवे.

मुलाच्या मनाला ताब्याच्या हुकुमाने केवढी इजा होऊ शकते याचा अलीकडील दाखला केरळमधून आलेल्या एका प्रकरणात मिळतो. तेथे मुलाचा ताबा पित्याकडे देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाला होता; परंतु त्यानंतर मुलाला चिंताविकाराने ग्रासल्याचे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील तज्ज्ञांच्या अहवालांवरून दिसून आले, तेव्हा २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पुनर्विलोकनात आपला निर्णय मागे घेतला आणि ताबा मातेकडे ठेवला. देशाचे सर्वोच्च न्यायपीठ आपली भूमिका बदलण्यास कचरले नाही, ही गोष्ट गौरवाची आहे. परंतु तज्ज्ञाचा आवाज निकालाच्या आधी जेवढा ऐकू यावयास हवा तेवढा आपल्या व्यवस्थेत येत नाही, हेही तिच्यातून उघड होते.

या साऱ्याला एक उत्तर दिले जाते, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या पालकाकडे मूल नाही तो म्हणतो : तुम्ही गुप्ततेच्या आणि संमतीच्या गोष्टी करीत बसा, दरम्यान महिने लोटतात, वर्षे लोटतात, मूल माझा चेहरा विसरते, आणि काळच माझ्याविरुद्ध निकाल देतो. ही व्यथा खरी आहे, आणि ती केवळ पित्यांची नाही, सासरच्यांनी मूल ठेवून घेतलेल्या मातांचीही आहे. परंतु बारकाईने पाहिल्यास ही तक्रार उपचाराच्या अभावाची नाही, विलंबाची आहे. आणि विलंबावरचा इलाज त्वरित सुनावणी हाच होय. किंबहुना समुपदेशनाचा हुकूम हाच कित्येकदा विलंबाचे साधन होतो. अहवाल आलेला नाही, पुढील तारीख द्यावी, या एका वाक्यावर किती उन्हाळी सुट्ट्या निघून जातात! ज्याला निवाडा करणे अवघड वाटते त्या न्यायासनाने प्रश्न मानसोपचाराच्या खोलीत ढकलला, तर तो प्रश्न सुटत नाही, केवळ नजरेआड होतो.

शिवाय हा उपचार करावयाचा कोणी? मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत असतो, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. परंतु ‘समुपदेशक’ ही पाटी आजवर कोणीही दारावर लावू शकत होता. त्यांच्या व्यवसायाला शिस्त लावण्यासाठी २०२१ मध्ये कायदा झाला आहे, आणि त्या शिस्तीची घडी नीट बसेपर्यंत तरी न्यायालयाने नाव घेऊन कोणाकडे धाडावयाचे हे विचारपूर्वक ठरविले पाहिजे. नागपूर याबाबतीत अगदीच दरिद्री नाही. एकोणिसाव्या शतकापासूनचे मनोरुग्णालय येथे आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, एम्स आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये स्थापिलेल्या मातृसेवा संघाची समाजकार्य शिकविणारी संस्था आहे. आणि १९८४ च्या कायद्याने तर समाजकल्याणाच्या संस्थांना न्यायालयाशी जोडून घेण्याची मुभा आरंभापासूनच दिलेली आहे. परंतु नागपूर म्हणजे विदर्भ नव्हे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या अखत्यारीत अकरा जिल्हे येतात, आणि जेथे स्वतंत्र कौटुंबिक न्यायालय नाही तेथे ताब्याचे अर्ज १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातच चालतात. गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यातील शेतमजूर मातेला दर आठवड्याला दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून, खासगी तज्ज्ञाची फी देऊन ‘कौटुंबिक उपचारा’साठी हजर राहावयास सांगणे, आणि ती न आल्यास ‘सहकार्य केले नाही’ अशी नोंद करणे, हा न्याय नव्हे. तो दारिद्र्याला ठोठावलेला दंड होय.

मग हुकूम कसा असावा? माझ्या मते तो प्रथमतः आणि मुख्यतः प्रौढांवर असावा. मुलासमोर दुसऱ्या पालकाची निंदा करणार नाही, भेटीच्या वेळा पाळीन, शाळेचा निकाल आणि आजारपण दुसऱ्याला कळवीन, अशा मोजता येण्याजोग्या वर्तनाची सक्ती न्यायालय खुशाल करू शकते, आणि ते वर्तन शिकण्यासाठी त्या दोघांना समुपदेशकाकडे पाठवू शकते. त्यांच्या मनात काय आहे याची उठाठेव करण्याचे न्यायालयाला कारण नाही. मुलाला पाठवावयाचे तर त्याच्या वयाला साजेल अशा रीतीने त्याला आधी विचारावे. त्याच्या समजुतीची बूज राखावी असे १८९० चा कायदाही सांगतो, मग सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर आपण मागे का असावे? घरात मारहाण झाल्याचा आरोप असेल तर त्याची चौकशी आधी व्हावी. उपचाराला मुदत असावी, मुदत संपताच प्रकरण पुन्हा न्यायाधीशापुढे यावे, आणि दरम्यान भेटीविषयीचा अंतरिम हुकूम लोंबकळत राहू नये. फी ऐपतीप्रमाणे वाटून द्यावी, आणि ज्याची ऐपत नाही त्याच्यासाठी शासकीय रुग्णालयाचे दार उघडे असावे.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट ही की, तपासणारा आणि बरे करणारा या दोन व्यक्ती असाव्यात. तपासणाऱ्याने अहवाल लिहावा, उलटतपासणीस सामोरे जावे, आणि मुलालाही आरंभीच सांगावे की, तू बोलशील ते मी न्यायाधीशांना सांगणार आहे. बरे करणाऱ्याने न्यायालयाला केवळ एवढेच कळवावे की, अमुक तारखांना अमुक माणसे आली. त्याच्या टिपणवहीला समन्स पोहोचू नये, आणि मुलाच्या जिवाला धोका असल्याखेरीज त्याचे मौन कोणीही मोडू नये. विधी आयोगाने न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखाली २०१५ च्या मे महिन्यात सादर केलेल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा, मध्यस्थी आणि पालकत्वाचा आराखडा यांविषयी पुष्कळ सूचना केल्या. त्यांना संसदेने अद्याप कायद्याचे रूप दिलेले नाही. मी सुचवितो त्या सुधारणेला संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. कौटुंबिक न्यायालयांच्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार १९८४ च्या कायद्याने उच्च न्यायालयाला दिलेला आहे. समुपदेशकाच्या दोन भूमिका अलग करणारी दुरुस्ती तेवढ्या अधिकारात बसते. मुलाला निदान एक तरी माणूस असा मिळावा की ज्याच्यापाशी बोललेले कोणाच्याही बाजूचा पुरावा ठरणार नाही, एवढी सोय करणे कायद्याच्या शक्तीबाहेरचे खास नाही.